दार हळू लावायचं

गुरुवार, ९

माझं आयुष्य बदललं ते परवा, मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्या मिनिटाला मी प्रयोगशाळेचं दार आपटलं. दारावरच घड्याळ आहे, त्यामुळे वेळ पक्की.

सर जर्नल तपासत होते. माझ्या जर्नलमधली बेडकाच्या हृदयाची आकृती त्यांनी बघितली, मग मला बघितलं आणि म्हणाले, "ही रेघ तुझी नाही. कोणी काढली?"

कोणी काढली ते अख्ख्या वर्गाला माहीत आहे. पेन्सिलनं. तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असते म्हणून ती पेन्सिल. मला वर्ग तोफ म्हणतो, तेही उगाच नाही. सर तिच्याकडे वळले, "तू काढलीस ना? उभी राहा जरा." ती उभी राहिली. तिचे कान लाल झाले. आणि माझं डोकं फिरलं.

"तिला उभं करायचं नाही! काय बोलायचं ते मला बोला!" जर्नल टेबलावर फेकलं, एक चंचुपात्र खाली गेलं. "तुमचं कॉलेज तुम्हालाच लखलाभ!"

आणि निघालो. दार असं आपटलं की खिडक्यांच्या काचा वाजल्या. खरं तर ते नीट लागलंच नाही. काहीतरी अडकल्यासारखं होऊन परत उघडलं. कोणीतरी ओरडलंसुद्धा. मी वळून पाहिलं नाही. अशा वेळी वळून पाहिलं की सगळा जोर निघून जातो.

घरी येऊन वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडलो, एकेकाला ब्लॉक केलं. फक्त तिचा नंबर ठेवला.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. ते बूट काढत होते. एक निघाला होता, दुसरा तसाच राहिला.

"कारण?"

"एका मुलीचा अपमान होत होता."

"तिनं बोलावलं होतं तुला?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. खोलीत गेलो. तेही दार चांगलं जोरात लागलं.

दोन दिवस झाले, तिचा एक शब्द नाही. भारावून गेली असेल.

शुक्रवार, १०

आत्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मलमपट्टी, टाके, इंजेक्शन. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तेव्हापासून आत्या आमच्याकडे, म्हणजे खरं तर आम्हीच तिच्याकडे. मंगळवारपासून ती माझ्याशी जपून बोलतेय. बाबांसारखी चिडली असती तर बरं झालं असतं. आज आली, पलंगावर टेकली आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच विचारलं, "काय?"

"काही नाही. उद्या सकाळी लवकर ऊठ. माझ्याबरोबर ओव्हनपाशी उभं राहायचं."

"मी? बिस्किटं करू?"

"मग काय, छतावरचे डाग मोजशील? शनिवार-रविवार माझ्या हाताखाली. बाकीचे पाच दिवस तू आणि तुझा राग, काय घालायचा तो गोंधळ घाला."

शनिवार-रविवारी आत्या भाजते. ब्रेड, बिस्किटं, कधी केक. अर्धं घरात, अर्धं शेजारी. मी आजवर फक्त खायचं काम केलंय. पण मग सुचलं, केलेलं पेन्सिलला पाठवता येईल! आणि झोपच उडाली. यादी केली:

पहिला शनिवार-रविवार: लोण्याची बिस्किटं, पेन्सिलच्या आकाराची, टोकाला चॉकलेट.
दुसरा: ब्रेड. मोठा. तिचं पहिलं अक्षर कोरलेला.
तिसरा: केक. तीन थरांचा.
मग ती येईल. मग मी बोलेन.

शनिवार, ११

पहिला घाणा जळाला. मी दर दोन मिनिटांनी दार उघडून बघत होतो आणि बंद करताना, आत्याच्या भाषेत, "शत्रूच्या तोंडावर मारल्यासारखं" करत होतो.

"दार हळू लावायचं," ती म्हणाली. "आतलं अजून कच्चं असतं. धक्का बसला की बसतं ते. मूठ शेवटपर्यंत सोडायची नाही. लागलं असं हाताला कळलं की मग सोडायची."

"बिस्किटं काय बसणार आहेत, आत्या?"

"बिस्किटं नाही बसणार. तुला सवय लागू दे."

पेन्सिलचा आकार तिनं हाणून पाडला. म्हणे लांब बिस्किट तुटतं, दोन्ही हात लागतात. "छोटी कर. एका घासाची. उचललं की तोंडात." मी भांडलो. तीच जिंकली. दुसरा घाणा बरा निघाला, बटणांएवढा.

पेन्सिलला लिहिलं, "उद्या तुझ्यासाठी काहीतरी येतंय." पूर्वी ती अशा वेळी मेसेजचा मारा करायची, मध्ये चित्रं, चेहरे, काय काय. आज उत्तर आलं, "हं".

रविवार, १२

डबा घेऊन मीच जाणार होतो. शर्टाला इस्त्रीही केली होती. पण आत्या म्हणाली, "मी जाते. माझं तिकडे काम आहे." आणि गेलीसुद्धा, डबा एका हातात, दवाखान्याची पिशवी दुसऱ्या हातात. सव्वा तास लागला.

"एवढा वेळ?"

"बोलत बसलो."

"माझ्याबद्दल?"

आत्यानं हात धुतले, बराच वेळ धुतले. "बिस्किटं आवडली तिला. सहा खाल्ली."

सहा! आत्या माझ्या बाजूनं आहे, हे मला आज पक्कं कळलं. रविवारच्या दिवशी दुसऱ्यांच्या घरी जाऊन भाच्याची बाजू मांडणारी माणसं आहेत तरी किती?

बुधवार, १५

आज जे केलं ते लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

तिच्या गल्लीत गेलो. ती गॅलरीत होती, उजव्या खांद्यावरून शाल घेतलेली. एवढ्या उकाड्यात शाल! मी हात केला. तिनं डाव्या हातानं जरासा हात हलवला, नकोशा पाहुण्याला हलवतात तसा, आणि आत गेली. मी वीस मिनिटं उभा होतो. पडदा हलला नाही.

रस्त्यातच तिला लिहिलं, "तुझ्यासाठी मी कॉलेजवर लाथ मारली आणि तुला चार शब्द टाइप करता येत नाहीत?"

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. "नाही येत."

बस्स. एवढंच. मी फोन गादीवर फेकला. मग उचलला. मग मेसेज काढून टाकायला गेलो, पण तिनं वाचलेला होता, आता काढून काय उपयोग. असं लिहायला नको होतं. पण तिनंही असं लिहायला नको होतं.

शनिवार, १८

ब्रेड. पीठ मळायला मला फार आवडलं. आपटा, दुमडा, ढकला. आत्या म्हणाली, "वा, तुझ्या स्वभावाला साजेसं काम सापडलं एकदाचं." मग पाच मिनिटांनी, "पुरे, आता सोड त्याला. आता ते आपलं आपण फुगेल. तू काही करायचं नाहीस."

"किती वेळ?"

"दीड तास."

"दीड तास काही करायचं नाही?"

"तेच कठीण असतं," ती म्हणाली. मी चौदा वेळा ओलं फडकं उचलून बघितलं. प्रत्येक वेळी तिनं माझ्या हातावर चमचा मारला.

मोठ्या ब्रेडवरूनही भांडण झालं. मला अक्षर कोरायचं होतं. तिला छोटे पाव हवे होते, मऊ, एका हातानं तोडता येतील असे. "सुरी धरावी लागता कामा नये," म्हणे. शेवटी छोटे पाव झाले. बाबांनी तीन खाल्ले, उभ्यानंच, माझ्याकडे न बघता. चौथ्याला हात घातला तेव्हा आत्यानं टोपली ओढली, "हे त्या मुलीचे."

बाबा म्हणाले, "हो. तिला जाऊ देत." आवाज वेगळाच होता. बाबांना ती कधीपासून आवडायला लागली?

रविवार, १९

आज तिची प्रवेशपरीक्षा होती. वर्षभर ती या एकाच गोष्टीबद्दल बोलत होती. वनस्पतींची, प्राण्यांची शास्त्रीय चित्रं काढायला शिकवणारी संस्था, वर्षाला बारा जागा, तीन तास नुसतं चित्र काढायचं. मी ठरवलं, परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभं राहायचं, पाव द्यायचे, शुभेच्छा द्यायच्या, बुधवारची माफी मागायची. आत्याला सांगितलं नाही. टोपलीतले चार पाव काढून घेतले.

साडेआठपासून उभा होतो. मुलं येत होती, काखेत चित्रं काढायच्या पाट्या, हातात रंगांचे डबे. ती आली नाही. दहाला फाटक बंद झालं. मी तरी उभाच. पहारेकरी म्हणाला, "पोरगी नसेल येत, साहेब, पाव तरी द्या." दोन दिले.

घरी आलो. आत्या नुकतीच तिच्याकडून परतली होती.

"ती परीक्षेला गेली नाही, आत्या."

"माहीत आहे."

"का?"

"तिला विचार. नीट विचार. ओरडून नको."

मी नाही विचारणार. बुधवारनंतर मी कोणत्या तोंडानं विचारू? पण मला कारण कळलंय असं वाटतं. माझं कॉलेज सुटलं आणि तिचंही मन उडालं. माझ्यामुळे एवढी मोठी गोष्ट सोडली तिनं. वाईट वाटतंय. आणि, हे फक्त इथे लिहितो, थोडं बरंही वाटतंय.

गुरुवार, २३

फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लागलाय. सत्र चालू ठेवण्याचा अर्ज. विभागप्रमुखांची सही हवी, म्हणजे त्याच सरांची. शेवटची तारीख सोमवार, २७. वर बाबांच्या अक्षरात माझं नाव लिहिलेलं. मी दूध काढून फ्रिज बंद केला तसा फॉर्म खाली पडला.

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "सही घे नाहीतर नको घेऊस. पण या घरातली दारं अजून थोडी वर्षं टिकू देत."

"मी माफी मागणार नाही. माझं काय चुकलं?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. काहीतरी बोलणार होते. आत्यानं नुसतं "दादा" म्हटलं आणि वर्तमानपत्र परत वर गेलं.

दुपारी आत्याच्या फोनवर सरांचा फोन आला. नाव दिसलं मला. ती गॅलरीत जाऊन बोलली, पण मी ऐकलं: "पहिल्यापेक्षा बरं आहे, सर. पण अजून महिनाभर तरी जपावं लागेल." माझ्याचबद्दल! मी काय ताप आलेला पेशंट आहे? तरी एक आहे, सर दोन आठवड्यांनीही विचारपूस करतात. वाटला तेवढा वाईट माणूस नसावा. फॉर्म उचलून परत चुंबकाखाली लावला. सरळ करून.

शनिवार, २५

सगळं क्रमानं लिहितो. नाहीतर लिहिताच येणार नाही.

आज केक होता आणि आत्यानं तिला चार वाजता चहाला बोलावलं होतं. तीन थर आत्यानं रद्द केले, एकच साधा केक, लिंबाची साल किसून घातलेला. मी लोणी-साखर फेटली, अंडी घातली, मैदा दोनदा चाळला, सगळं शांतपणे. सव्वातीनला टिन आत गेलं. दार हळू लावलं. मूठ शेवटपर्यंत सोडली नाही. आत्यानं पाठीवर थाप मारली.

पस्तीस मिनिटं द्यायची होती. वीस झाली असतील. वास सुटला होता आणि मी, फक्त एकदाच, म्हणून दार उघडलं. केक मस्त वर आला होता, मध्ये अजून डुचमळत होता. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले. फॉर्म फ्रिजवर तसाच कोरा.

"म्हणजे परवाही जायचं नाही तर," ते म्हणाले. "ठीक आहे. त्या पोरीचं जे व्हायचं ते झालं, तू आपला केक कर."

"तिचं काय झालं? मी तिच्यासाठीच केलं ना सगळं!" असं म्हणालो आणि ओव्हनचं दार आपटलं.

काचेतून दिसलं. मधला भाग थरथरला आणि बसला. कोणी फुंकर मारून दिवा घालवावा तसा.

आत्या ओरडली. माझ्या उभ्या आयुष्यात ती ओरडलेली मी ऐकली नव्हती. "आपटू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला! किती वेळा!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "अगं, केकच आहे, आत्या." ती नुसती मान हलवत राहिली.

मग घंटा वाजली.

पेन्सिल आत आली. केस मोकळे होते, पेन्सिल नव्हती. माझ्यासाठी मोकळे सोडलेत असं मला वाटलं. हो, त्या क्षणीसुद्धा मला हेच वाटलं, काय माणूस आहे मी. शाल होतीच. आत्यानं तिला स्वयंपाकघरात खुर्ची दिली. मी केक काढला. मध्ये खड्डा, वाटी बसेल एवढा.

"बसला," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली. आणि हसली. "छान खड्डा आहे. यात मुरांबा भर आणि सांग की असाच करायचा होता."

मी तुकडा कापून बशी पुढे केली. तिनं डाव्या हातानं घेतला. चमचाही डाव्या हातानं, अडखळत. एक घास टेबलावर पडला. उजवा हात मांडीवर, शालीखाली. मग शाल घसरली.

दोन बोटं पट्टीत होती, मधलं आणि त्याच्या शेजारचं. दोन्हींना आधाराला धातूची पट्टी. दिसणारा भाग निळसर पिवळा.

"हाताला काय झालं?"

"दारात सापडला."

"कुठल्या दारात?"

तिनं फक्त आत्याकडे पाहिलं, आत्यानं जमिनीकडे. आणि मला ते दार ऐकू आलं, नीट न लागता परत उघडलेलं. कोणीतरी ओरडलेलं.

मी म्हणालो, "नाही."

"मी तुला थांब म्हणायला धावले होते," ती म्हणाली. "चौकटीला हात लावला आणि तू दार..." एवढं बोलून तिनं केकचा तुकडा बशीत सारखा केला. "सरच घेऊन गेले मला दवाखान्यात. आत्यांनीच टाके घातले."

आत्यानं. मंगळवारी. आणि शुक्रवारी येऊन ती माझ्या पलंगावर बसली होती.

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तू सगळ्यांना ब्लॉक केलंस ना. आणि आत्यांना मीच नको म्हणाले. सांगितलं असतं तर तू रडत, ओरडत आला असतास, भिंतीवर डोकं आपटलं असतंस. मग मलाच तुला सावरत बसावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती माझ्यात. दुखत होतं फार."

मी खुर्ची धरून उभा होतो. विचारलं, "परत चित्र काढता येईल ना?"

"हाड जुळेल. मधल्या बोटाचं पेर वाकेल की नाही ते डॉक्टरांना आत्ताच सांगता येत नाही. काल डाव्या हातानं पान काढून बघितलं. आंबट चेहऱ्याची पाल झाली." ती परत हसली. मला ते हसणं सहन झालं नाही. "पुढच्या वर्षी परत असते परीक्षा. बघू."

मग म्हणाली, "तुला माहितेय सर मला का उभं करत होते? विभागाच्या भिंतीसाठी बारा तक्ते काढून घ्यायचे होते त्यांना. माझ्याकडून. दवाखान्यात सांगितलं त्यांनी. बिचारे, त्यांना दुसरं काय बोलावं सुचत नव्हतं."

मी तिच्या पायाशी बसायला निघालो होतो. काय काय बोललो ते आठवत नाही. मी तुझं जर्नल लिहीन, तुझी बॅग उचलेन, दवाखान्यात नेईन, जन्मभर तुझ्यासाठी... तिनं डावा हात वर केला.

"नको. तू एक कर. यापुढे माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. काहीच. तुझं तुझं काय करायचं ते कर, पण त्यावर माझं नाव घालू नकोस."

"रागावलीस?"

तिनं खरंच विचार केला. "पहिले दोन आठवडे खूप. आता दमलेय. बिस्किटं चांगली होती रे. तुला सांगायचं राहिलं होतं."

केक तिनं संपवला. जाताना चपला पायात सरकवताना तोल गेला, मी पुढे झालो, आणि तिनं आधी आपला उजवा हात मागे घेतला. छातीशी. मुद्दाम नाही, आपोआप. माझ्यापासून.

रविवार, २६

आज काही भाजलं नाही. आत्या तिच्याकडे पट्टी बदलायला एकटीच गेली. रिकाम्या हातानं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मागची पानं वाचली. "नाही येत." तिनं खरं तेच लिहिलं होतं. एका हाताच्या अंगठ्यानं, अकरा मिनिटं लावून. आणि १९ तारखेला मी लिहिलंय की थोडं बरं वाटतंय. ते पान फाडणार होतो. नाही फाडलं. असू दे.

उरलेल्या केकच्या खड्ड्यात बाबांनी मुरांबा घातला आणि दोघांच्या बशा भरल्या. "खा," म्हणाले. आम्ही खाल्लं. बाबांनी माझी बशीही विसळली.

सोमवार, २७

फॉर्म घेतला. घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. सर सही करतील की नाही माहीत नाही. सहीआधी मला त्यांना बाकीचं सांगायचंय. मी काय समजलो होतो ते. शब्द पाठ करत होतो, आत्या म्हणाली, "पाठ करू नकोस. जा आणि सांग." डबा द्यायला लागली, मी नको म्हणालो. हातात काही नको आज.

पेन्सिल वर्गात असेल, तिसऱ्या बाकावर. मी शेवटच्या बाकावर बसणार आहे. ती वळून बघणार नाही, आणि मीही तिनं बघावं म्हणून काही करणार नाही. आकृत्या आता मीच काढणार. वाकड्या तर वाकड्या. त्यात शाबासकी घेण्यासारखं काही नाही. तिची रेघ त्यानं परत येत नाही.

हे दाराशी उभ्यानं लिहितोय, बूट घालून. वही आत चपलांच्या कपाटावर ठेवीन. मग बाहेर होईन आणि दार ओढेन. हळू. मूठ शेवटपर्यंत सोडणार नाही. आणि ओढण्याआधी मागे वळून बघेन, कोणी येतंय का.